मोनेरो, झीकॅश आणि पैशांचा खासगीपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खासगी नाण्यांबद्दल, म्हणजे व्यवहार झाकणाऱ्या मोनेरो, झीकॅश यांसारख्या क्रिप्टो नाण्यांबद्दल, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाव चढेल की पडेल, हा प्रश्न मुद्दाम घेतलेला नाही. खासगीपणासाठी नाणे वापरणे आणि नफ्यासाठी नाणे घेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी सल्ला देणाऱ्यांचा तुटवडा नाही.

मी काही गैर करत नाही. मग मला लपवायचे काय?

पगार किती, कर्ज किती, कुठल्या डॉक्टरला पैसे दिले, कुठल्या संघटनेला देणगी दिली, हे आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही. त्यात गैर काही नसते. बँकेत ही माहिती निदान बँक आणि सरकार यांच्यापुरती राहते. सार्वजनिक ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या नाण्याच्या सर्वांना खुल्या हिशेबवहीत, ती सगळ्या जगापुढे असते. तुम्ही एखाद्याला एकदा पैसे दिलेत की त्याला तुमचा पत्ता (खाते क्रमांकासारखा, घरचा नव्हे) कळतो, पत्त्यावरून शिल्लक कळते आणि पुढचा खर्चही तो घरबसल्या पाहत राहू शकतो. धंदा करणाऱ्याचे तर आणखी अवघड. गिऱ्हाईक कोण, माल कोणाकडून येतो, कोणाला किती भाव दिला, हे प्रतिस्पर्ध्याला फुकटात मिळते.

धोका फक्त चौकस नजरेचा नाही. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट (नाण्यांच्या किल्ल्या सांभाळणारे उपकरण) बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची माहिती फुटली आणि सुमारे २,७२,००० जणांची नावे, घरचे पत्ते, फोन नंबर इंटरनेटवर आले. अशा यादीतल्या नावाला ब्लॉकचेनवरची शिल्लक जोडता आली, तर कोणाचे दार ठोठवायचे हे चोराला शोधत बसावे लागत नाही.

पण बिटकॉइन निनावीच असते ना?

नाही. बिटकॉइनचा हिशेब म्हणजे कायमचे चावडीवाचन आहे, फक्त नावांच्या जागी टोपणनावे आहेत. एका टोपणनावामागचा माणूस कळला की बाकीची पाने आपोआप वाचता येतात.

जरा जवळून पाहू. समजा, तुमच्याकडे ०.५ बिटकॉइनचे एकच नाणे आहे आणि कोणाला ०.०३ द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये नाणे तोडून देता येत नाही; ते अख्खे खर्च होते, ०.०३ समोरच्याकडे जातात आणि फी वजा करून जवळपास ०.४७ ची मोड तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येते. एक रक्कम गोल आणि दुसरी ०.४६९९८ सारखी वेडीवाकडी, त्यामुळे मोड कुठली हे समोरच्याला एका नजरेत कळते. म्हणजे तुमच्याकडे किती उरले तेही कळले. पुढच्या महिन्यात तुम्ही ती मोड आणि पगारातून आलेले दुसरे नाणे एकत्र करून मोठी रक्कम दिलीत. दोन्ही नाणी एकाच व्यवहारात खर्च झाली, तर दोन्हींचा मालक बहुधा एकच. तुमचा पगार आणि ती जुनी खरेदी आता कायमची जोडली गेली.

हे कोणी नंतर शोधून काढलेले गुपित नाही. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोटो याच्या २००८ च्या मूळ लेखातच प्रत्येक व्यवहारासाठी नवी किल्ली वापरा असा सल्ला आहे, आणि अनेक नाणी एकत्र खर्च केली की मालक जोडला जाणे टळत नाही ही कबुलीही आहे.

एवढे सगळे बसून कोण शोधणार?

तो आता मोठा व्यवसाय आहे. चेनॅलिसिससारख्या कंपन्या २०१४ पासून हेच काम करतात आणि त्यांचे सॉफ्टवेअर बँका, तपास यंत्रणा आणि एक्सचेंज (नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपन्या) विकत घेतात. मे २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीने खंडणीखोरांना ७५ बिटकॉइन दिले. महिन्याभरात अमेरिकी यंत्रणांनी माग काढून त्यातले ६३.७ परत मिळवले. बिटफिनेक्स या एक्सचेंजवरून २०१६ मध्ये चोरीला गेलेल्या नाण्यांपैकी सुमारे ९४,००० बिटकॉइन फेब्रुवारी २०२२ मध्ये जप्त झाले. साडेपाच वर्षांनी. खंडणीखोर पकडले जातात हे चांगलेच आहे. पण तोच माग तुमच्या औषधांच्या खरेदीचाही तेवढ्याच सहज निघतो, आणि ब्लॉकचेन विसरत नाही.

मोनेरो नेमके काय लपवते?

तीन गोष्टी : कोणी दिले, कोणाला दिले आणि किती दिले.

"कोणी" यासाठी रिंग सिग्नेचर आहे. तुम्ही एक नाणे खर्च करता तेव्हा वॉलेट (नाणी सांभाळणारे अ‍ॅप) ब्लॉकचेनवरची दुसऱ्यांची १५ जुनी नाणी चकवा म्हणून सोबत घेते. या १६ पैकी एकाच्या मालकाने सही केली आहे हे सिद्ध होते. कोणत्या, ते नाही. ऑगस्ट २०२२ पासून ही संख्या १६ आहे, आधी ११ होती.

"कोणाला" यासाठी स्टेल्थ पत्ता. तुम्ही सगळ्यांना एकच पत्ता दिला असला, तरी प्रत्येक वेळी पाठवणाऱ्याचे वॉलेट त्यापासून एकदाच वापरायचा नवा पत्ता तयार करते. ब्लॉकचेनवर तुमचा जाहीर पत्ता कधी उमटतच नाही. त्यामुळे मोनेरोचा पत्ता शोधपेटीत टाकून शिल्लक पाहणे हा प्रकारच अस्तित्वात नाही.

"किती" यासाठी रिंगसीटी. हे जानेवारी २०१७ मध्ये आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून सक्तीचे झाले. आत गेलेली रक्कम आणि बाहेर आलेली रक्कम सारखी आहे हे गणिताने पटते, आकडा मात्र दिसत नाही. सुरुवातीला या पुराव्यांमुळे व्यवहार फार जड होत. २०१८ मध्ये बुलेटप्रूफ ही आटोपशीर पुराव्यांची पद्धत आल्यावर त्यांचा आकार सुमारे ८० टक्क्यांनी घटला आणि फीही उतरली.

तिघांत कच्चा दुवा कोणता असेल तर पहिला. रक्कम आणि घेणारा चांगले झाकलेले आहेत; १६ जणांची गर्दी मात्र फार मोठी नाही. म्हणूनच चकव्यांची पद्धत सोडून संपूर्ण ब्लॉकचेनलाच गर्दी करण्याच्या एफसीएमपी++ या बदलावर काम चालू आहे.

झीकॅश त्याहून वेगळे कसे?

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी सुरू झालेले झीकॅश चकवे वापरत नाही. झेडके-स्नार्क या पुराव्यांच्या जोरावर ते फक्त एवढेच सांगते की "या साठ्यातले, आधी खर्च न झालेले, एक नाणे माझे आहे." कोणते, ते अजिबात कळत नाही. १६ नव्हे, तर झाकलेल्या साठ्यातले प्रत्येक नाणे संशयित. गणित म्हणून हे मोनेरोपेक्षा वरचढ आहे.

गोम अशी की झाकणे ऐच्छिक आहे. झीकॅशमध्ये उघडे पत्तेही आहेत आणि ते बिटकॉइनइतकेच उघडे आहेत. बरीच वर्षे बहुतेक नाणी तिथेच पडून असत. लोक काय करत, तर उघड्या पत्त्यावरून ३.४१७२ झाकलेल्या साठ्यात टाकत आणि दहा मिनिटांनी ३.४१७१ दुसऱ्या उघड्या पत्त्यावर काढत. मधला फरक म्हणजे ०.०००१ फी. हे जुळवायला चेनॅलिसिसची गरज नाही, कागद-पेन्सिल पुरे. २०१८ च्या एका संशोधनात अशा सवयींवरूनच झाकलेल्या व्यवहारांचा मोठा भाग उलगडला होता. झीकॅश वापरायचेच तर पैसे झाकलेल्या साठ्यातच येऊ द्या, तिथेच राहू द्या, तिथूनच खर्च करा.

सुरुवातीच्या रचनेत आणखी एक अडचण होती. पुराव्यांची पायाभूत मूल्ये एका समारंभात तयार केली होती, आणि त्यातले गुपित सर्व सहभागींनी संगनमत करून जपून ठेवले असते तर खोटी नाणी पाडता आली असती. मे २०२२ मध्ये आलेल्या ऑर्चर्ड साठ्यात हॅलो २ या नव्या पुरावा पद्धतीमुळे अशा समारंभाची गरज उरली नाही.

मग दोन्हींत घ्यावे कोणते?

रोजच्या वापरासाठी माझे मत मोनेरोकडे झुकते, आणि कारण गणित नाही, माणसे आहेत. मोनेरोत खासगीपणा बंद करण्याचे बटणच नाही, त्यामुळे आळशी, घाईतले, अर्धवट वाचलेले असे सगळे वापरणारे नकळत एकमेकांना झाकतात. झीकॅश शिस्तीने वापरणाऱ्याला अधिक देते. शिस्त किती जणांना असते, हे मात्र ज्याने त्याने ठरवावे.

डॅश, लाइटकॉइन, ग्रिन यांचे काय?

डॅशची सोय म्हणजे मुळात कॉइनजॉइन (अनेकांची नाणी एका व्यवहारात मिसळणे; पुढच्या प्रश्नात पाहा), तीही ऐच्छिक. लाइटकॉइनमध्ये मे २०२२ पासून एमडब्ल्यूईबी नावाचा खासगी भाग आहे; रक्कम झाकायला ठीक, पण तिथली वर्दळ मर्यादित. ग्रिन आणि बीम जानेवारी २०१९ मध्ये मिंबलविंबल रचनेवर आले. रकमा उत्तम झाकतात, पण नेटवर्कवर आधीपासून कान लावून बसलेल्याला ग्रिनमधले कोणाचे नाणे कुठे गेले हे बरेचसे जोडता येते. इथे वेळ घालवू नका.

बिटकॉइनच मिक्सरमधून फिरवले तर?

मिक्सर म्हणजे अनेकांची नाणी मिसळून माग पुसण्याची सोय. दोन प्रकार ओळखून घ्या. कॉइनजॉइनमध्ये (ही कल्पना २०१३ ची, ग्रेगरी मॅक्सवेल यांची) अनेक जण एकाच व्यवहारात सारख्या रकमा टाकतात आणि काढतात. नाणे तुमच्या ताब्यातून जात नाही. जुन्या पद्धतीच्या मिक्सरमध्ये नाणी चक्क अनोळखी माणसाच्या हवाली करावी लागतात. तो पळून जाऊ शकतो, नोंदी ठेवू शकतो, आणि त्याच्याकडून परत मिळालेली नाणी कोणाच्या चोरीची असतील हे तुम्हाला कळत नाही.

कायद्याचे वातावरणही तापलेले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये ते उठवले. पण त्याच्या एका विकसकाला मे २०२४ मध्ये नेदरलँड्समध्ये ६४ महिन्यांची शिक्षा झाली आणि दुसऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत एका आरोपाखाली दोषी धरले गेले. सामुराई वॉलेट या मिक्सिंगची सोय देणाऱ्या बिटकॉइन वॉलेटच्या दोघा संस्थापकांना एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. वापरणाऱ्याला बसणारा फटका साधा असतो : मिक्सरमधून आलेले नाणे पाहिले की अनेक एक्सचेंज खाते गोठवून खुलासा मागतात. शिवाय बिटकॉइनवर मिक्सिंग करणाऱ्यांचा घोळका मिक्सिंग न करणाऱ्यांच्या मैदानात ठळक उठून दिसतो.

स्टेबलकॉइनचे काय?

स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेले नाणे. खासगीपणाच्या दृष्टीने सर्वांत वाईट. चेन उघडी, आणि वर यूएसडीटी किंवा यूएसडीसी काढणारी कंपनी तुमचा पत्ता गोठवू शकते. भाव स्थिर राहतो, एवढाच त्याचा गुण.

मी मोनेरो केवायसी दिलेल्या एक्सचेंजवरून घेतले. आता उपयोग काय?

पुष्कळ आहे. तुम्ही अमुक दिवशी अमुक मोनेरो घेतले आणि स्वतःच्या वॉलेटमध्ये काढले, एवढे एक्सचेंजला माहीत आहे आणि ते कायम राहील. पुढे ते तुम्ही कोणाला दिलेत, अजून तुमच्याकडे आहेत की संपले, हे त्याला दिसत नाही. बिटकॉइन घेतले असते तर दिसले असते. बहुतेकांना हवा असलेला खासगीपणा हाच : माझ्याकडे पैसे आहेत हे लपवायचे नाही, ते मी कशावर खर्च करतो हे माझ्यापाशी ठेवायचे आहे.

नाणी एक्सचेंजवरच ठेवलीत तर यातले काहीच मिळत नाही. तिथे तुमच्या नावापुढे फक्त एक आकडा असतो.

तंत्र एवढे पक्के, तर मग गळती होते कुठे?

काठावर. जिथे खासगी नाणे उघड्या जगाला टेकते तिथे. नाण्याचे गणित कोणी फोडल्याची उदाहरणे शोधावी लागतात. माणसाच्या सवयीवरून माग काढल्याची ढिगाने मिळतात.

रक्कम आणि वेळ सर्वांत आधी. बिटकॉइन विकून मोनेरो घेतले, अर्ध्या तासात तेवढ्याच मोलाचे परत बिटकॉइन केले, तर दोन्ही टोके उघडी आहेत आणि मधला अंधार कोणालाच अडवत नाही. थोडे थोडे, गरज पडेल तसे, वेगवेगळ्या दिवशी खर्च करणे हा यावरचा साधा उपाय, आणि जो खरोखर पैसे वापरतो त्याच्याकडून तो आपोआप पाळला जातो. आत-बाहेर करणाऱ्याकडून नाही.

मग नोड, म्हणजे ब्लॉकचेनची प्रत ठेवणारा आणि व्यवहार पुढे पाठवणारा संगणक. मोबाइल वॉलेट बहुधा दुसऱ्याच्या नोडला जोडलेले असते. त्या नोडवाल्याला तुमची शिल्लक दिसत नाही, पण तुमचा आयपी पत्ता दिसतो आणि तुम्ही कोणता व्यवहार केव्हा पाठवलात तेही कळते. स्वतःचा नोड चालवा. ते झेपत नसेल तर वॉलेट टॉर या आयपी लपवणाऱ्या नेटवर्कमधून जोडा. मोनेरोमध्ये डँडेलियन++ ही व्यवहार पसरवण्याची पद्धत आहे, त्यामुळे व्यवहाराचा उगम बाकीच्या नोडना शोधणे अवघड जाते, पण तुम्ही थेट ज्याच्या हातात व्यवहार दिलात त्या पहिल्या नोडपुढे ते काय करणार?

तिसरी गळती पुन्हा पुन्हा भेटणाऱ्याची. एकच एक्सचेंज किंवा एकच माणूस तुम्हाला अनेकदा पैसे देतो आणि तुम्ही ते फिरून त्याच्याच ओळखीच्या ठिकाणी पाठवता, तेव्हा स्वतः दिलेली नाणी रिंगमध्ये वारंवार दिसून त्याचा अंदाज पक्का होत जातो. एकदा दिसले तर योगायोग म्हणता येईल. एकाच व्यवहारात चार रिंगमध्ये त्याने दिलेली चार नाणी दिसली तर कोण म्हणेल?

आणि बाकी सगळे साधेच : वस्तू घरच्या पत्त्यावर मागवणे, पावती नेहमीच्या ईमेलवर घेणे, सीडचा (वॉलेट परत उभे करणाऱ्या गुप्त शब्दांचा) स्क्रीनशॉट क्लाउडमध्ये जाऊ देणे, ग्रुपवर "आज घेतले" म्हणून सांगणे.

व्हीपीएन पुरेल का?

वेबसाइटपासून आयपी लपवायला बरा. पण व्हीपीएनवाल्याला सगळे दिसते, आणि तुम्ही त्याला कार्डाने पैसे दिले आहेत.

हे बेकायदेशीर आहे का?

देशागणिक उत्तर वेगळे आहे. स्वतःच्या देशाचा नियम स्वतः पाहा. एकूण कल असा, की स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी बाळगण्यावर सहसा बंदी येत नाही, पण मधल्या कंपन्यांवर येते. जपानमधल्या एक्सचेंजनी २०१८ मध्ये, दक्षिण कोरियातल्यांनी २०२१ मध्ये ही नाणी काढली. दुबईच्या नियामकाने २०२३ मध्ये मनाई केली. बायनॅन्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोनेरो हटवले. युरोपीय संघात १० जुलै २०२७ पासून क्रिप्टो सेवा कंपन्यांना निनावी खाती आणि निनावीपणा वाढवणारी नाणी हाताळता येणार नाहीत.

ही बंदी मला पटत नाही. रोख पैसाही गुन्हेगार वापरतात, आणि पारदर्शक चेनवर सामान्य माणसाची जी माहिती उघडी पडते तिची किंमत या नियमांत कोणी धरलेली दिसत नाही. पण न पटणे आणि न पाळणे यांत अंतर आहे.

म्हणजे कर भरावा लागतोच?

लागतो. ब्लॉकचेनवर दिसत नाही म्हणून उत्पन्न नाहीसे होत नाही, आणि खरेदीची नोंद एक्सचेंजकडे आहेच. उलट खासगी नाणे वापरणाऱ्याने हिशेब जास्त नीट ठेवायला हवा, कारण तो दुसरीकडून पुन्हा उभा करता येणार नाही. तारीख, रक्कम, त्या दिवशीचा भाव, कशासाठी दिले, एवढे लिहून ठेवा. मोनेरो वॉलेटमध्ये व्यवहारापुढे टीप लिहायची सोय आहे, ती वापरा.

हिशेबनीस किंवा कर अधिकारी यांना दाखवायची वेळ आली तर व्ह्यू की देता येते. तिने पाहता येते, खर्च करता येत नाही. झीकॅशच्या पूर्ण व्ह्यूइंग कीमध्ये येणारे-जाणारे दोन्ही दिसते. मोनेरोची व्ह्यू की एकटी दिली तर आलेले पैसे दिसतात, गेलेले नीट कळत नाहीत. त्यासाठी की इमेजही (कोणते नाणे खर्च झाले हे सांगणाऱ्या खुणा) निर्यात करून द्याव्या लागतात. नाहीतर पाहणाऱ्याला वाटेल की सगळे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत. व्ह्यू की एकदा दिली की परत घेता येत नाही, म्हणून अशा कामासाठी वेगळे वॉलेट ठेवलेले बरे.

एक्सचेंजवर मिळत नाही, तर आणायचे कुठून?

मोठ्या जागतिक एक्सचेंजपैकी काहींवर काही देशांत अजून मिळते. त्याशिवाय बिटकॉइन-मोनेरो अ‍ॅटोमिक स्वॅप २०२१ पासून चालतात : मध्यस्थाच्या हाती पैसे न देता, एक तर दोघांचे होते किंवा दोघांचे परत जाते. संथ आहे, भाव थोडा चढा पडतो, काम चोख. कामाचे किंवा मालाचे पैसे थेट मोनेरोमध्ये घेणे हा सर्वांत साधा मार्ग, आणि तो फार कमी जणांना सुचतो.

मोनेरो कधी फुटले आहे का?

जुने, हो. मार्च २०१६ पूर्वी चकव्यांशिवाय व्यवहार करता येत असत. तसे व्यवहार इतके झाले की त्यांतली नाणी खर्च झाल्याचे उघडच होते, आणि ती दुसऱ्यांच्या रिंगमधून वजा करत गेल्यावर त्यांचेही खरे नाणे उरे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेब्रुवारी २०१७ पर्यंतच्या, चकवे वापरलेल्या नोंदींपैकी ६२ टक्के अशा उलगडल्या. ज्यांनी तेव्हा नियमानुसार चकवे घेतले होते त्यांचाही माग इतरांच्या निष्काळजीपणाने निघाला. २०२१ मध्ये चकवे निवडण्याच्या कोडमध्ये दोष सापडला. आलेले पैसे खर्चायला मोकळे होताक्षणी खर्च करणाऱ्यांचे खरे नाणे त्यात ओळखता येत होते.

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी कर खात्याने मोनेरोचा माग काढण्याच्या साधनासाठी ६,२५,००० डॉलरपर्यंतची कंत्राटे जाहीर केली. आणि २०२५ मध्ये क्युबिक या खाणकाम गटाने इतकी गणनशक्ती गोळा केली की सप्टेंबरमध्ये १८ ब्लॉक (व्यवहारांचे आधीच नोंदले गेलेले गठ्ठे) उलटले. यात कोणाचा खासगीपणा गेला नाही, पण झालेला व्यवहार पक्का धरायचा केव्हा, हा प्रश्न उभा राहिला. मोठी रक्कम घेणाऱ्याने दहा ब्लॉकवर न थांबता जास्त वाट पाहावी.

आजचे व्यवहार वीस वर्षांनी उघडे पडतील का? पडू शकतात. चेन तेव्हाही असेल. ज्या गोष्टी जन्मभर लपून राहायलाच हव्यात त्यासाठी कोणत्याही चेनवर विसंबू नये.

सुरुवातीला वॉलेट कोणते घेऊ?

संगणकावर मोनेरोचे अधिकृत वॉलेट किंवा फेदर, मोबाइलवर केक वॉलेट. डाउनलोड केल्यावर फाइलची सही किंवा हॅश (फाइलचा ठसा; फाइल बदलली की तोही बदलतो) तपासा. कंटाळवाणे आहे, पण नोव्हेंबर २०१९ मध्ये खुद्द मोनेरोच्या अधिकृत संकेतस्थळावर काही काळ चोरी करणारी फाइल होती, आणि ती हॅश जुळेना म्हणूनच एकाच्या लक्षात आली. सीडचे २५ शब्द (नव्या पद्धतीत १६) कागदावर लिहा, फोटो काढू नका. मोठी रक्कम टाकण्याआधी किरकोळ रक्कम टाका, वॉलेट पुसून टाका आणि कागदावरून परत उभे करून पाहा.

पैसे आले आहेत, पण खर्च करता येत नाहीत. अडकले का?

नाही. मोनेरोमध्ये आलेले नाणे दहा ब्लॉक कुलूपबंद राहते, म्हणजे साधारण वीस मिनिटे. तुम्ही काही खर्च केलेत की परत आलेली मोडही तशीच बंद होते, म्हणून शिल्लक अचानक कमी दिसते.

समोरचा म्हणतो पैसे मिळाले नाहीत. ब्लॉकचेनवर तर काहीच दिसत नाही, मी सिद्ध कसे करू?

वॉलेटमध्ये त्या व्यवहाराची ट्रान्झॅक्शन की असते. ती, व्यवहाराचा आयडी आणि समोरच्याचा पत्ता, या तिन्हींवरून कोणालाही पडताळता येते की त्या पत्त्यावर एवढी रक्कम गेली. बाकीचे व्यवहार झाकलेलेच राहतात. ही की तुमच्या वॉलेटच्या फाइलमध्ये असते, सीडमध्ये नाही. वॉलेट सीडवरून परत उभे केले असेल तर जुन्या व्यवहारांच्या की मिळणार नाहीत. मोठी रक्कम पाठवलीत की ती त्याच दिवशी उतरवून ठेवा.